दहा पांडवांची येळवस

"दोन कोप्या? एका रानात दोन कोप्या? डोकी फिरलीत का सगळ्यांची?"

शिवगंगा इतक्या जोरात ओरडली की अंगणातल्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. नांदेडहून अहमदपूर, अहमदपूरहून चाकूर आणि चाकूरहून जीपमध्ये स्वतःला कोंबून घेत लिंबाळवाडी, असा प्रवास करून ती आणि आई नुकत्याच दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. केसांत धूळ, नाकात धूळ, डब्यातल्या शेंगापोळीवरही धूळ! दरवर्षी जीप थांबली की मामेभावंडं आरडाओरडा करत फाट्यापर्यंत धावत यायची. यंदा कुत्रंसुद्धा आलं नव्हतं. आणि का आलं नव्हतं ते आता दिसत होतं.

अंगणाच्या मधोमध तुराट्यांचा कूड उभा होता. कुडाच्या अलीकडे थोरले मामा गुरुपादप्पा, पलीकडे धाकटे मामा मलप्पा. आल्या आल्या दोघांनीही येळवशीला आपापल्या वेगळ्या कोपीवर बोलावलं होतं.

"हा कूड कुणी घातला?" आईनं विचारलं.

"त्यानं!" अलीकडून आवाज आला.

"त्यांनी!" पलीकडून आला.

शिवगंगाची आई महानंदा म्हणजे या दोन भावांमधली बहीण. एरवी ती शांत बाई. पण त्या दिवशी तिनं हातातली पिशवी खाली ठेवलीच नाही.

आता येळवस म्हणजे काय, हे लातूरकडच्या पोरांना सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगायलाच हवं. वेळ अमावस्या, तीच आमची येळवस. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे रानात! कडब्याची छोटी कोपी उभारायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, सगळ्या रानात आंबील शिंपडायची आणि मग झाडाखाली पंगत. हिरव्या दाण्यांची नि भाज्यांची पातळ भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर आणि मडकं भरभरून आंबट ताकाची आंबील! उदगीरची आत्या, निलंग्याचे काका, लातूरचे चुलत आजोबा, सगळे एका रानात. यंदा तर नाताळची सुट्टी आणि येळवस बरोबर जुळून आली होती. शिवगंगा वर्षभर या एका दिवसावर जगायची म्हणा ना!

"मी कुणाच्या कोपीवर जेवायचं, अण्णा?" आईनं थोरल्या भावाला विचारलं.

"माझ्या. विचारायचं काय त्यात?"

"अक्का, तू माझ्याकडं जेवणार!" कुडापलीकडून धाकटे मामा गरजले.

"असं होय? मग ऐका दोघं." आई म्हणाली. "जिथं बोलावणी दोन, तिथं मी एकाकडंबी जेवणार न्हाई. येळवशीच्या दिवशी लोकं रानात असतात, एसट्या रिकाम्या असतात. दुपारच्या गाडीनं मी नांदेडला जाईन. आणि पुढच्या साली माझी वाट बघू नका. माहेर संपलं माझं."

आई बोलली की बोलली. म्हणजे येळवस संपली? आता कधीच नाही? रडू यायच्या आधी तिला राग आला, आणि असा आला की कान तापले. हे ज्यानं कुणी केलं असेल त्याला मी सोडणार नाही, असं तिनं तिथल्या तिथं ठरवलं.

"झालं तरी काय?" तिनं जगूला न्हाणीमागं ओढलं. जगू म्हणजे जगदेवी, थोरल्या मामांची मुलगी.

"विहीर!" जगू फणफणली. "एक दिवस आमची पाळी, एक दिवस काकांची. पावसानं यंदा तोंड काळं केलं. विहिरीत पाणी ते केवढं! जनावरांना पाजायचं नि दोन वाफे हरभरा जगवायचा. तर काका चोरून पाणी उपसून राहिलेत! आमच्या पाळीला मोटार लावली की फुस्स!"

"ए भोपळे!" कुडावरून एक डोकं वर आलं. तो शिवप्पा, धाकट्या मामांचा. "तुझे अप्पा चोरतात! आमच्या पाळीलाबी पाणी नसतंय!"

"तू गप रे, बेडका!"

"तू गप!"

"दोघंबी गप!" शिवगंगा खेकसली. "हिच्या पाळीला पाणी नसतं. तुझ्याबी पाळीला नसतं. मग पिऊन कोण राहिलंय?"

कुडाच्या भोकातून शिवप्पाचा धाकटा भाऊ मन्मथ सरपटत बाहेर आला. त्याला कूड वगैरे काही मान्य नव्हतं. अलीकडं खीर, पलीकडं पोळी, असं त्याचं छान चाललं होतं.

"भूत असंल," तो म्हणाला.

"चला विहिरीवर," शिवगंगा म्हणाली. "भूत तर भूत!"

विहीर गावापासून लांब, रानाच्या मध्यावर, लातूरच्या रस्त्याला लागून. भोवती बाभळी आणि एक मोठा आंबा. एरवी याच आंब्याखाली कोपी उभी राहायची. यंदा थोरल्यांची कोपी रानाच्या वरच्या टोकाला, धाकट्यांची खालच्या टोकाला. दोघांनाही एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं ना!

"पाच नि पाच दहा," मन्मथनं बोटं मोजली. "यंदा दहा पांडव!"

कुणी हसलं नाही. कारण शिवगंगा खाली वाकून जमिनीकडे बघत होती. सगळं रान भेगाळलेलं, धुळीचं. आणि विहिरीच्या कडेला मात्र माती ओली! त्या ओल्या मातीत चाकांचे रुंद ठसे उमटले होते.

"बैलगाडीचं चाक असलं असतंय का?" तिनं विचारलं.

"हे ट्रकचं हाय," शिवप्पा म्हणाला. त्याला गाड्यांमधलं फार कळायचं. "आणि हे बघ, काठावरचं शेवाळ खरवडलंय. इथून जाड पाइप सोडलेला हाय. आमच्या मोटारीचा पाइप तर त्या तिकडं हाय!"

जगू आणि शिवप्पा पहिल्यांदाच एकमेकांकडे बघत होते. भांडायचं सोडून.

"उद्या जेवणं झाली की इथंच," शिवगंगा म्हणाली. "बाभळीत लपायचं. आणि मन्मथ, तू शिंकलास तर बघ!"

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघं बाभळीच्या जाळीत दडून बसली. काटे टोचत होते, मुंग्या चावत होत्या. एवढ्या उन्हात रानात येतंय कोण? पिकं तर करपलेली. राखण करायला काही असेल तर ना!

आणि घरघर करत टँकर आला!

रस्ता सोडून तो सरळ विहिरीपाशी थांबला. ड्रायव्हर रामकिशन खाली उतरला, त्यानं विहिरीत पाइप सोडला आणि मागं बसवलेलं डिझेल इंजिन सुरू केलं. पलीकडच्या दारातून पांढरं धोतर सावरत उतरला तो... व्यंकटशेठ!

जगूनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. कारण गावातला हा बडा शेठ त्याच सकाळी त्यांच्या ओसरीवर चहा पिऊन गेला होता. आणि मग कुडाला वळसा घालून धाकट्या काकांकडेही प्यायला होता. भांडण झाल्यापासून दोन्हीकडे चहा पिणारा तो एकटाच मोठा माणूस होता. "मी दोघांची समजूत घालतो हो," असं म्हणायचा!

"शेठ, पाणी लई खाली गेलं," रामकिशन म्हणाला.

"ओढ, ओढ. लातुरात लोकं थांबून राहिलेत. जिल्हा झाल्यापासून जिकडं बघावं तिकडं बांधकाम! बंगलेच्या बंगले! पाण्याला सोन्याचा भाव हाय सध्या." व्यंकटशेठनं तपकिरीची चिमूट ओढली. "उद्या तर आरामात भरू. येळवस! एक भाऊ त्या टोकाला, एक भाऊ ह्या टोकाला. इथं कोण येतंय?"

"इंजिनाचा आवाज जाईल ना, शेठ."

"जाऊ दे की! थोरल्याला वाटंल धाकट्यानं इंजिन लावलं, धाकट्याला वाटंल थोरल्यानं. मी थोरल्याला सांगितलं, धाकटा पाणी चोरतो. धाकट्याला सांगितलं, थोरला चोरतो. दोघांनीबी वर मला चहा पाजला!"

आणि तो पोट धरून हसला. चांगला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

शिवगंगाच्या डोक्यात सणक गेली. पाणी नेलं ते नेलं. पण आईचं माहेर नेलं की यानं! वर हसतोय! शिवप्पानं दगड उचलला होता, तिनं त्याचा हात घट्ट पकडला.

"आत्ता नको," ती दातओठ खात कुजबुजली. "दगडानं काय होतंय? एक टेंगूळ! मला त्याची जिरवायची हाय. चांगली जिरवायची हाय."

घरी जाऊन तिनं थोरल्या मामांना सगळं सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मलप्पानं शिकवून पाठवलं का तुला? अगं, व्यंकटशेठ देवमाणूस हाय. आमच्यासाठी जीव टाकतो तो." कुडापलीकडे शिवप्पानं तेच सांगितलं, तर त्याला पाठीत एक धपाटा मिळाला. "थोरल्यांच्या घरचं ऐकून आला का रे?"

घ्या! आता काय करायचं अशा मोठ्या माणसांचं?

"टायर फोडू," न्हाणीमागच्या बैठकीत शिवप्पा म्हणाला.

"पंक्चर काढून पुन्हा येईल," जगू म्हणाली.

"विंचू सोडू धोतरात!" मन्मथ म्हणाला.

"विंचू तू धरशील का?"

"...न्हाई."

"ऐका," शिवगंगा म्हणाली. तिचे डोळे लकाकत होते. "आपण सांगून कुणी ऐकणार न्हाई. दोन्ही मामांनी एकाच वेळी, एकाच जागी, आपल्या डोळ्यांनी बघायला पाहिजे. म्हणजे शेठला तिथंच धरून ठेवायला पाहिजे. धरून ठेवायचं कसं, सांगा?"

"दोरीनं?"

"आंबिलीनं! येळवशीला जेवल्यावर सगळी मोठी माणसं काय करतात?"

तिघांच्या चेहऱ्यांवर हळूहळू हसू पसरलं. भज्जी-उंडे चापून वर तांब्याभर आंबील प्यायलेला माणूस झाडाखाली कसा आडवा होतो, हे त्यांनी जन्मापासून बघितलं होतं. लातूरच्या आजोबांना तर एकदा दिवेलागणीला गाडीत घालून आणावं लागलं होतं!

"आणि मामांना विहिरीवर आणायचं कसं?" जगूनं विचारलं.

"शेठनं त्यांना ज्या रस्त्यानं लांब नेलं, त्याच रस्त्यानं. भांडणाच्या!" शिवगंगा म्हणाली.

येळवस उजाडली. गावातले सगळे रस्ते रानाकडे निघाले. डोक्यांवर मडकी, टोपल्या, बायकांच्या नव्या साड्या, पोरांचा गलका. आई मात्र घरीच बसली. न जेवता, पिशवी भरून. शिवगंगानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि मग मागं वळून न बघता ती रानाकडे पळत सुटली.

पूजा वरच्या कोपीवर झाली, खालच्या कोपीवरही झाली. आणि तेवढ्यात विहिरीकडून इंजिनाची धडधड सुरू झाली.

"ऐका!" थोरले मामा उसळले. "येळवशीलाबी पाणी उपसून राहिला! लाज न्हाई!"

"आधी आंबील शिंपा, मग भांडा," मामींनी त्यांना दटावलं. खालच्या टोकाला धाकट्या मामींनाही हेच करावं लागलं.

दोन्हीकडचे पाहुणे आणि मोठी माणसं मडकी घेऊन आपापल्या रानातून फिरायला निघाली. "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" अशी आंबील शिंपताना द्यायची जुनी कानडी आरोळी दोन्ही टोकांना उठली. आता सगळं रान शिंपून, शेजारच्या रानातल्यांना बोलावून, मगच पंगत बसणार होती. भज्जीच्या पातेल्यांची राखण कुणाकडे? अर्थातच पोरांकडे!

"मामी, विहिरीला नैवेद्य नको का?" शिवगंगानं वरच्या कोपीवर विचारलं.

"शहाणी माझी ती!" मामींनी भरभरून वाढून दिलं. मग खालच्या कोपीवर जाऊन तिनं धाकट्या मामींनाही तेच विचारलं. त्यांनी तर वर एक लोटकं आंबीलही दिली.

व्यंकटशेठ आंब्याच्या सावलीत बसला होता. समोर अचानक पोरगी बघून तो दचकलाच.

"शेठ! तुम्ही? आमच्या विहिरीवर?" शिवगंगानं डोळे मोठे केले.

"अं? हाव! हाव!" शेठ चाचपडला. "अगं, मी... पाणी सोडायला आलो! तुमच्या विहिरीत! दोन्ही भावांना येळवशीची भेट. पण सांगू नको हां कुणाला!"

"अय्या! किती चांगले हो तुम्ही!" शिवगंगा गोड हसली. आतून तिला त्याचा कान पिरगळावासा वाटत होता. "न्हाई सांगणार. पण येळवशीला रानात आलेला माणूस न जेवता जातो का? आमच्या मामांना काय वाटंल?"

आता शेठ काय बोलणार? तो याच मातीतला. येळवशीचं ताट नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. शिवाय भज्जीचा वास! आणि पोरगी गप्प राहायला हवी ना. तो मांडी घालून बसला. रामकिशनही बसला. पाणी एवढं खोल गेलं होतं की टँकर भरायला तसाही वेळ होता.

"अजून एक उंडा घ्या, शेठ!"

"पुरे पुरे!"

"असं कसं? खीर तर घेतलीच न्हाई! रामकिशनदादा, आंबील वाढू?"

असा आग्रह लग्नातल्या विहिणीलाही कुणी केला नसेल. शेठनं धोतराची गाठ सैल केली, मग डोळे जड झाले. "जरा पाठ टेकतो," असं म्हणत त्यानं आंब्याच्या मुळाशी अंग टाकलं. रामकिशन तर बसल्या जागीच कलंडला. आणि मग घोरणं सुरू झालं. इंजिनाचा आवाज मोठा की शेठचा, सांगता येईना!

"फत्ते!" बाभळीतून शिवप्पा बाहेर आला आणि एकदम थबकला. "अगं, टँकर भरत आला! आता पाणी वरून वाहून जाणार!"

असल्या दुष्काळात पाणी धुळीत जाणार!

"इंजिन बंद कर!"

"आवाज थांबला की हे उठतील ना!"

खरंच की! मग शिवप्पानं कपाळावर हात मारला आणि तो माकडासारखा टँकरवर चढला. टँकरच्या तोंडातला पाइप त्यानं उपसला आणि त्याचं टोक खाली विहिरीत सोडलं. विहिरीतलं पाणी वर येऊन पुन्हा विहिरीतच पडायला लागलं. इंजिन आपलं धडधडतंच आहे!

पण उतरताना त्याचा पाय पत्र्यावर आपटला. धाड!

"कोण हाय?" रामकिशननं एक डोळा उघडला.

"मीच हाय, दादा," शिवगंगा लगबगीनं म्हणाली. "अजून आंबील वाढू?"

"न्हाई बाई, न्हाई..." आणि डोळा मिटला.

"पळा आता!" तिनं इशारा केला.

शिवप्पा वरच्या कोपीकडे पळाला आणि थोरल्यांचं आंबिलीचं मडकं घेऊन आला. जगू खालच्या कोपीकडे पळाली आणि धाकट्यांचं भज्जीचं पातेलं घेऊन आली. मन्मथनं उंड्यांची टोपली ओढत आणली आणि वाटेत त्यातला एक खाल्ला. मग जगू नि शिवप्पा आपापल्या घरच्यांकडे बोंब मारत सुटली.

"अप्पा! काकांच्या शिवप्पानं आपली आंबील पळवली! विहिरीकडं नेली!"

"बाबा! थोरल्यांच्या जगूनं आपली भज्जी नेली! विहिरीवर हाय!"

खोटं एक अक्षर नव्हतं! सकाळपासून उपाशी असलेल्या, रानभर फिरून आलेल्या माणसांना ही बातमी म्हणजे वाळल्या कडब्यात काडी. वरून थोरले मामा काठी घेऊन निघाले, खालून धाकटे मामा. त्यांच्यामागं सगळे पाहुणे.

दोन्ही फौजा विहिरीवर एकाच वेळी पोचल्या.

"चोरा!" थोरले मामा ओरडले.

"चोर कोण ते बघू!" धाकट्या मामांनी काठी उगारली.

"श्शू!" शिवगंगा दोघांच्या मध्ये उभी राहिली, ओठांवर बोट ठेवून. "हळू बोला ना, मामा. पाहुणे झोपलेत."

आणि ती बाजूला सरकली.

आंब्याखाली व्यंकटशेठ तोंड वासून घोरत होता. मागं तुडुंब भरलेला टँकर. त्याचा जाड पाइप विहिरीत. थोरल्या मामांच्या हातातली काठी हळूहळू खाली आली. धाकट्या मामांचीही आली.

"यांना उठवायला पाहिजे," शिवगंगा म्हणाली. "आज येळवस हाय. रानात जे जे हाय, त्याला आंबील शिंपायची असते. हो की न्हाई?"

मग काय! चौघांनी मडक्यात हात बुडवले आणि शेठभोवती फेर धरला.

"ओलगे ओलगे! सालम पोलगे!"

पहिली ओंजळ शेठच्या नाकावर. दुसरी उघड्या तोंडात. तिसरी शिवगंगानं नीट नेम धरून मिशांवर मारली, आणि त्या ओंजळीत तिचा सगळा राग होता. व्यंकटशेठ ठसकत, शिंकत उठून बसला. मिशांतून आंबील ठिबकत होती. समोर बघतो तर चाळीस माणसं!

"मी... मी पाणी सोडायला आलो होतो!" तो किंचाळला. "विचारा या पोरीला!"

"हाव, म्हणाले तसं," शिवगंगा मान डोलावत म्हणाली. "दोन्ही भावांना भेट."

"मग सोड की," धाकटे मामा म्हणाले. आवाज थंड होता. "सगळ्यांसमोर सोड."

रामकिशननं मुकाट्यानं इंजिन बंद करून तोटी उघडली. पाणी धबाधबा विहिरीत पडायला लागलं आणि पाहुणे काठावर गोळा झाले. इतकं पाणी त्या वर्षी कुणी एका जागी बघितलंच नव्हतं. मग सगळ्यांसमोर शेठला बोलतं केलं. थोरल्याला काय सांगितलं? धाकट्याला काय सांगितलं? मोठ्यानं सांग! अजून मोठ्यानं, तिकडं आत्याला ऐकू आलं न्हाई! शेठ रडकुंडीला आला. शिवगंगाला त्याची जराही दया आली नाही. काल हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आजही होतं. आजचं तिला जास्त आवडलं.

"चाकूरच्या पोलिसात देऊ याला," निलंग्याचे काका म्हणाले.

"द्यायचं तर देऊच," थोरले मामा म्हणाले. "पण आधी उन्हाळा संपेपर्यंत रोज एक टँकर गावच्या हौदात. स्वतःच्या विहिरीतून. कबूल?"

शेठनं मान हलवली. न हलवून करतो काय!

सगळं झालं, पण एक गोष्ट शिवगंगाच्या लक्षात आली. दोन्ही मामा शेठशी बोलले, पाहुण्यांशी बोलले. एकमेकांशी अजून एक शब्द नाही! आणि दुपारची एसटी यायची वेळ झाली होती.

"आई!" ती ओरडली. "आई फाट्यावर गेली असंल!"

रामकिशननं रिकामा टँकर काढला. पुढं थोरले मामा, धाकटे मामा आणि मधे दाबून बसलेली शिवगंगा. एक मामा या खिडकीतून बाहेर बघताहेत, दुसरे त्या खिडकीतून. फाट्यावर आई पिशवी मांडीवर घेऊन एकटीच बसली होती. दोघं दोन बाजूंनी उतरले.

"महानंदा, चल."

"अक्का, चल."

"कुणाच्या कोपीवर?" आईनं विचारलं.

दोघं पुन्हा दोन दिशांना बघायला लागले. लांबून एसटीचा धुरळा दिसायला लागला आणि शिवगंगाचा धीर सुटला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडातून जाळ!

"चोरानं पाणी नेलं, मामा! भांडण त्यानं न्हाई केलं, ते तुम्ही केलं! तुमच्यातल्या एकानं तरी दुसऱ्याला विचारलं का, की बाबा रे, पाणी तू घेतोस का? शेठला विचारलं! चहा पाजून विचारलं! तुमचाबी राग येतोय मला. लई राग येतोय!"

थोरल्या मामांनी खाली बघितलं. घसा खाकरला. एसटी जवळ आली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"मलप्पा," थोरले मामा म्हणाले, "महानंदाची पिशवी घे."

"घेतली, अण्णा," धाकटे मामा म्हणाले.

आईनं पदर डोळ्यांना लावला आणि एसटीला हातानंच "जा, जा" अशी खूण केली.

आंब्याखाली एकच पंगत बसली. दहाच्या दहा पांडव तिथं आणून मांडले, उगाच कुणाची नाराजी नको! शेठलाही पंगतीत बसवलं, कारण येळवशीला रानातून कुणाला उपाशी पाठवत नाहीत. त्याचं पोट आधीच गळ्यापर्यंत भरलं होतं. तरी शिवगंगानं त्याच्या पानात पुन्हा भज्जी वाढली, उंडे वाढले, खीर वाढली, आणि ते संपेपर्यंत ती समोर उभी राहिली. हलली म्हणून नाही.

"पोरांनी आज घर राखलं," निलंग्याचे काका म्हणाले. "आम्ही एवढे मोठे, पण एकाच्याबी डोक्यात आलं न्हाई."

"शाबास रे शिवप्पा! पाइप विहिरीत सोडायचं सुचलं कसं तुला!" थोरले मामा म्हणाले, आणि पुतण्याच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. "आणि ही आमची नांदेडची फौजदारीण! पण काय गं, चोर धरला ते ठीक. आमचं जेवण पळवलं, चाळीस माणसांना उन्हात पळवलं, त्याचं काय?"

शिवगंगानं आंबिलीचं लोटकं खाली ठेवलं आणि मामांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"तुम्ही आमची येळवस पळवली होती, मामा. फिट्टंफाट!"

थोरल्या मामांचा चेहरा एकदम उतरला. धाकटे मामा पातेल्याकडे बघायला लागले. मग थोरले मामा उठले, त्यांनी पळी हातात घेतली आणि शिवगंगाला हाताला धरून आईशेजारी बसवलं.

"बस," ते म्हणाले. "आता आम्ही दोघं वाढतो."